माणूस पाठवण्याचं यंत्र

लग्न होऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आले तेव्हा माझ्या बोलण्याला आजूबाजूच्या बायका हसायच्या. माहेर गडहिंग्लजकडचं, आई घरात निम्मं कानडी बोलायची, त्यामुळे माझ्या मराठीला एक हेल होता. मग मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले आणि वर्गात उभं राहून राहून तो हेल गेला. इतका गेला की घरात मीठ मागितलं तरी धाकटे दीर म्हणायचे, "वहिनी बातम्या द्यायला लागल्या."

याच आवाजामुळे मी त्या भानगडीत सापडले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्तमानपत्रात एक बातमी आली होती. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या एका कणाची अवस्था, म्हणजे तो कण नेमका कसा आहे याचा सगळा तपशील, लांबच्या दुसऱ्या कणाला दिली, मधल्या वाटेनं काहीही न नेता. मथळा मात्र होता, 'माणूस क्षणात अमेरिकेत पोचणार?' प्रश्नचिन्ह बारीक होतं. मी ती बातमी कापून वर्गात नेली. पोरं पहिल्यांदाच तास संपल्यावरही बसून राहिली. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

दीर आमच्या गल्लीतल्या तालीम मंडळाचे खंदे कार्यकर्ते. त्यांनी घरात पडलेलं ते कात्रण वाचलं आणि दोन दिवसांनी मंडळाची चार पोरं घेऊन माझ्यासमोर बसले. गणपतीला अजून दोन महिने होते.

"वहिनी, औंदा तांत्रिक देखावा. माणूस पाठवायचं यंत्र. ह्या बाजूच्या पेटीत माणूस जाणार, धूर, लायटा, आन् रस्त्याच्या त्या बाजूच्या पेटीतनं भाईर येणार."

"कसा येणार?"

"आपलं दूधवालं जुळं हाईत की."

पेठेत घरोघरी म्हशी पिळून दूध घालणारे दोघे जुळे भाऊ होते. चाळिशीतले, सारख्याच मिशा, सारखंच पोट. त्यांच्या बायका सोडल्या तर कुणालाच त्यांच्यातला फरक सांगता यायचा नाही. एक आत जाणार, दुसरा बाहेर येणार. मला हसू आलं. पोरंही हसली. मग दीर म्हणाले, "पण मागनं आवाज पायजे. शास्त्रातलं. तुमी लिवायचं आन् तुमीच बोलायचं. नुसती गंमत नगं, लोकास्नी माहिती बी मिळू दे."

'माहिती मिळू दे' हे ऐकून मी विरघळले. आठ दिवस खपून पाच मिनिटांचं निवेदन लिहिलं. सुरुवातीला विज्ञानकथांमधल्या कल्पना, मग प्रकाशाच्या कणाचा प्रयोग. आणि शेवटी, मला महत्त्वाचा वाटणारा भाग: हे फक्त कणाच्या अवस्थेपुरतं आहे, यात पहिल्या कणाची मूळ अवस्था पुसली जाते, शिवाय हे पुरं व्हायला एक साधा निरोप पाठवावाच लागतो, तार किंवा टेलिफोनसारखा, त्यामुळे 'क्षणात' वगैरे काही नाही, माणसाच्या शरीरात सातावर सत्तावीस शून्यं इतके अणू असतात, त्यांच्याबाबतीत हे आज कुणालाही करता येत नाही आणि कधी करता येईल असं मानायला आधार नाही. समोर दिसतोय तो देखावा आहे, असंही शेवटी स्पष्ट म्हटलं होतं.

लक्ष्मीपुरीतल्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. मी एका दमात वाचलं. काचेपलीकडच्या माणसानं अंगठा वर केला.

देखावा उघडला त्या संध्याकाळी आम्ही घरातली सगळी बघायला गेलो. प्लायवूडच्या दोन पेट्या, त्यांना चंदेरी कागद, आत निळे-तांबडे दिवे. दूधवाल्यांतला थोरला चंदेरी कपडे घालून अलीकडच्या पेटीत शिरला. धूर सुटला. आणि कर्ण्यातून माझा आवाज सगळ्या रस्त्यावर पसरला. मला तो ओळखू येईना, इतका भारदस्त. 'शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलं आहे,' माझा आवाज म्हणाला. 'मधल्या वाटेनं काहीही न नेता.' लगेच ढोल वाजला, पलीकडची पेटी उघडली आणि धाकटा हात वर करून बाहेर आला.

शेवटचा भाग नव्हता. कण, पुसली जाणं, निरोप, शून्यं, काहीच नाही. मी दिरांकडे बघितलं.

"लई लांबत होतं वहिनी," ते कानाशी येऊन म्हणाले. "पब्लिक उभं ऱ्हात न्हाई. मेन मेन ठेवलंय."

मी तिथंच थांबवायला हवं होतं. पण सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आवाज वळखला न्हाईस व्हय? आमची सूनबाई." शेजारीण माझ्याकडे बघत होती. बोलण्याला हसणाऱ्या बायकांतलीच ती एक. मी नुसतं हसले.

पेठेतल्या लोकांना जुळे ठाऊक होते. ते देखावा बघायला येतच नव्हते, ते बाहेरगावच्या लोकांचे चेहरे बघायला यायचे. शेवटच्या चार-पाच दिवसांत गावोगावचे लोक ट्रक-टेम्पो करून देखावे बघायला शहरात येतात. पलीकडून धाकटा बाहेर आला की त्यांच्यातून एक 'हां' निघायचा, बायका लेकरांना उचलून दाखवायच्या, आणि कट्ट्यावर बसलेली आमची पेठ पोट धरून हसायची.

एका संध्याकाळी कॉलेजातले आमचे विभागप्रमुख नातवाला घेऊन आले. मी त्यांना लांबूनच बघितलं आणि दुकानाच्या फळीआड सरकले, पण त्यांनी मला पाहिलं होतं. त्यांनी निवेदन पुरतं ऐकलं. मग जवळ येऊन म्हणाले, "आवाज छान आहे तुमचा." एवढंच. नातवाचं बोट धरून निघून गेले. मी घरी आले आणि कुणाशी न बोलता भाकरी थापत बसले. खोटं असं त्यात एकही वाक्य नव्हतं, अशी मी मनाची समजूत काढत होते, आणि समजूत पटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. दीर बाहेर कट्ट्यावर दात घासत होते.

"या पावणं. कुठलं?"

"कोडोली. त्या देखाव्यात बोलत्यात त्या बाई हितंच ऱ्हात्यात न्हवं? गल्लीतल्या पोरांनी घर दावलं."

दिरांनी मोठ्या उत्साहानं त्यांना आत आणलं. मी चहा ठेवला. त्यांनी पिशवीतून ओल्या भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्यासमोर ठेवल्या. पाला तसाच, मुळांना माती. मग सावकाश सांगायला लागले.

पावसाळ्याच्या तोंडाला त्यांची बायको गोठ्यात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. पुन्हा फोटो काढायला, तपासायला बोलावलं होतं. तेव्हा जीप केली. कोडोली ते वाठार रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला बाई किंचाळायची, शेवटी शुद्ध हरपली, तशी अर्ध्या वाटेतूनच परत नेली. तेव्हापासून गाडीचं नाव काढलं की थरथर कापते. मेले तरी गाडीत बसणार नाही म्हणते. डॉक्टर म्हणतात, फोटो काढल्याशिवाय काही सांगता येत नाही. पाय सुजलाय.

"परवा गावच्या टेंपोतनं आलतो," ते म्हणाले. "तुमचं बोलणं ऐकलं. दोनदा ऐकलं. म्हटलं, गड्याला तर काय बी झालं न्हाई, हसत भाईर आला. तवा इचारायला आलोय. माझ्या मंडळीला तसं आणता येईल का? जे काय करायचं आसंल ते करतो. निस्तं दवाखान्यापतूर."

दीर हसले. अगदी थोडं. मग माझ्या तोंडाकडे बघून हातातला ब्रश घेऊन आत गेले.

मी चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला. मग म्हटलं, "मामा, ती दोन माणसं आहेत. जुळे भाऊ. एक आत राहतो, दुसरा बाहेर येतो."

"दोघं?"

"हो."

त्यांनी एका शेंगेची माती अंगठ्यानं पुसली. "आन् तुमी बोलल्यालं? शास्त्रज्ञांनी शिद्द केलंय म्हणून?"

"ते झालंय मामा. पण माणसाचं नाही. उजेडाचा एक कण असतो, त्याचं." आणि मी सांगायला लागले. काय काय सांगितलं, सगळंच. कण जात नाही, कणाचं वर्णन जातं. पलीकडं तसाच कण होतो तेव्हा अलीकडचा पहिल्यासारखा राहत नाही. वर्गात हे सांगताना मला केवढा आनंद व्हायचा. आता प्रत्येक वाक्य तोंडातून निघताना ते काहीच कामाचं नाही हे मला कळत होतं, आणि तरी मी थांबत नव्हते. थांबले असते तर शांतता झाली असती.

त्यांनी मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हंजे आमच्या हयातीत न्हाई."

"नाही."

"पोरांच्या?"

"सांगता येत नाही. बहुतेक नाहीच."

त्यांनी चहा संपवला, कपबशी स्वतःच्या हातानं मोरीजवळ नेऊन ठेवली. पिशवीची घडी केली. दारात चपला घालताना म्हणाले, "बाई, सांगताना जरा बघून सांगत जावा. लोक ऐकत्यात." रागानं नाही म्हणाले.

शेंगा सासूबाईंनी उकडल्या. मला एकही खाववली नाही.

त्या दिवशी मी दिरांना म्हटलं, कॅसेट बदला. ते म्हणाले, देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आज-उद्या कधीही येतील, आता काही बदलता येत नाही. बरीच वादावादी झाली. नवरा फाउंड्रीतून दमून आला होता, तो म्हणाला, "अरे, तिचा आवाज हाय, तिला काय वाटतंय ते ऐक की." शेवटी ठरलं की संध्याकाळच्या एका खेळानंतर मी स्वतः माइकवर दोन मिनिटं बोलायचं.

मी बोलले. धाकटा बाहेर आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी माइक घेतला. म्हटलं, "आपण पाहिलंत तो केवळ देखावा आहे." कर्ण्यातून शिट्टीसारखा आवाज आला. पुन्हा सुरू केलं. कणापर्यंत पोचले तोवर लोक हलायला लागले होते. पुढं उभा असलेला एकजण मोठ्यानं म्हणाला, "मग आत गेल्याला माणूस कुठं हाय?" आणि दूधवाल्यांतला थोरला, पेटीत धुरानं गुदमरत बसलेला, त्याला वाटलं आता सगळं सांगून झालंय. त्यानं पेटीचं दार उघडून डोकं बाहेर काढलं.

जो हशा झाला तो मी अजून विसरलेले नाही. पेठ हसली, पाव्हणे हसले, एका बाईनं कपाळावर हात मारून घेतला. कुणीतरी ओरडलं, "बाई, गाणी लावा." मी कुठल्या तरी अणूंच्या शून्यांवर होते. वाक्य अर्धंच सोडून माइक खाली ठेवला. गर्दीच्या कडेला परीक्षकांचे बिल्ले लावलेले तिघं उभे होते, हे मला नंतर कळलं.

मंडळाचं बक्षीस हुकलं. मी दिसले की पोरं बोलता बोलता थांबायची. दोन महिने त्यांनी प्लाय कापला होता, खिळे ठोकले होते, वायरी ओढल्या होत्या. आधी मला माझ्या गप्प बसण्याची लाज वाटत होती, आता बोलण्याचीही वाटायला लागली. दिरांनी दसऱ्यापर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. पाणी हवं असलं तर सासूबाईंना सांगायचे, "आई, पाणी दे," मी समोर उभी असताना.

विसर्जनानंतरच्या रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, कोडोलीला जाऊन येऊ. तो म्हणाला, जाऊन काय करणार? तरी त्यानं स्कूटर काढली. वाठारपासून पुढं ते खड्डे मी स्वतः अनुभवले. मागच्या सीटवर मी दोन्ही हातांनी त्याला धरून बसले होते आणि प्रत्येक हिसक्याला त्या न पाहिलेल्या बाईची आठवण येत होती.

गावात 'खुबा मोडलेल्या मावशी' म्हटल्यावर घर सापडेना. मग पिठाच्या गिरणीपाशी मी देखाव्याचं सांगितलं, तसा गिरणीवाला लगेच म्हणाला, "यंत्रवाल्याचं व्हय? त्या बोळातनं सरळ." आणि आतल्या कुणाकडे बघून हसला.

मावशी सोप्यात खाटेवर होत्या. बारीक अंगाच्या, डोळे तेज. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तूच ती व्हय, माणसं पाठवणारी?"

"हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"बस."

मी बसले. फोटो काढला का, विचारलं. काढला होता. देखावा बघून आलेल्या त्यांच्या नवऱ्याला जेव्हा कळलं की यंत्रबिंत्र काही नाही, तेव्हा दोन दिवस तो घुम्यासारखा बसला. मग शेजाऱ्याची बैलगाडी मागितली. तळाला कडबा, वर वाकळा, त्यावर मावशींना झोपवलं, आणि म्हातारा बैलांच्या पुढं कासरा धरून चालत निघाला. खड्डा आला की थांबायचं, चाक हळू उतरवायचं. वाठारला हायवेवर ॲम्ब्युलन्स बोलावून ठेवली होती. हाड जुळत होतं. थोडं वाकडं, पण जुळत होतं.

"लई वेळ लागला," मावशी म्हणाल्या. "पर वरडले न्हाई एकदा बी."

"मामा कुठं आहेत?"

त्यांनी मान गोठ्याकडे वळवली. तिथं म्हशीला पाणी दाखवल्याचा आवाज येत होता. "हाय की. ऐकतंय सगळं." मग आवाज न चोरता म्हणाल्या, "देखावा बघून आला त्या राती सगळ्या बोळाला सांगत सुटला. मशीन आलंय, मंडळीला न्हेतो म्हणून. आता पोरं त्याला यंत्र म्हणत्यात. गिरणीत जाईना झालाय. दळण मीच शेजारच्या पोरीकडनं पाठवते."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो खाटेखाली ठेवला. मी उठून गोठ्याच्या दाराशी गेले. ते पाठमोरे होते, म्हशीच्या पाठीवर हात फिरवत. मी म्हटलं, "मामा, चूक तुमची नव्हती." त्यांनी ऐकलं, कारण हात थांबला. पण ते वळले नाहीत. थोड्या वेळानं हात पुन्हा फिरायला लागला.

येताना मी नवऱ्याला गिरणीपाशी स्कूटर थांबवायला लावली. आत जाऊन गिरणीवाल्याला आणि तिथं बसलेल्यांना सांगितलं की त्या कॅसेटमधला आवाज माझा आहे, मी फिजिक्सची मास्तरीण आहे, आणि शिकलेला माणूसही ते ऐकून तेच समजला असता. पट्ट्याच्या आवाजात त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. गिरणीवाला म्हणाला, "आसू दे बाई. गमतीचं हाय." मी म्हटलं, त्यांना गमतीचं नाही. त्यानं पुढच्या डब्यात पीठ सोडलं.

त्यानंतर मी कोडोलीला गेले नाही. जायचं धाडस झालं नाही, हेच खरं. दोनेक वर्षांनी माझ्या वर्गात त्या गावची एक मुलगी आली. तिला विचारलं तर म्हणाली, आजी काठी घेऊन हिंडते. आणि आजोबा? "ते व्हय, यंत्र आजोबा. बरे हाईत की." तिला त्या नावाचं काही वाटत नव्हतं. ते नाव का पडलं हेही तिला माहीत नव्हतं.

देखाव्यानंतर पाच-सहा वर्षांनी बातमी आली की आता अख्ख्या अणूच्या अवस्थेचंही तसंच करून दाखवलं आहे. शहरातल्या एका व्याख्यानमालेनं मला बोलावलं. त्यांनी विषय दिला होता, 'माणूस क्षणात कुठेही: स्वप्न की सत्य?' मी तो बदलायला लावला. 'अणूची अवस्था पाठवण्याचे प्रयोग' असा छापला, आणि पहिल्या दोन रांगाही भरल्या नाहीत. दीर मात्र आले. आता त्यांचे केस पिकले होते, मंडळ त्यांनी सोडलं होतं.

मी सगळं सांगितलं, शेवटचा भाग आधी. प्रश्नोत्तरांत एका तरुणानं विचारलं, "पण मॅडम, एका शब्दात सांगा, माणसाचं होणार की नाही?"

"मला वाटतं, नाही," मी म्हटलं. "आजच्या कुठल्याच नियमानं ते अशक्य ठरत नाही. पण करायचं कसं, याची वाट कुणालाच दिसत नाही. आणि मला वाटतं म्हणजे मला माहीत आहे, असं नाही."

त्याला ते आवडलं नाही. तो वहीत काहीच न लिहिता बसला. संयोजकांनी आभार मानले, लोक उठले. दीर पुढं येऊन म्हणाले, "वहिनी, लई लांबलं." मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातातली कागदांची पिशवी घेतली आणि जिन्याकडे निघाले.